चार भाषांचा संघ

बिराजदार सरांनी आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नाही. जिमखान्याचे सर म्हणजे गळ्यात शिट्टी हवीच, असा आमचा समज होता. पहिल्याच दिवशी कुणीतरी तसं विचारलं, तेव्हा म्हणाले, "शिट्टी पंचाचं असतंय. आपलं नव्हे." ते टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा. हाडं सगळी काटकुळी, पण टाळी अशी की कँटीनमधली पोरंसुद्धा चहाचा कप खाली ठेवायची.

सर अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावचे. घरची भाषा कानडी. मराठी अस्खलित बोलायचे, फक्त त्यांच्या मराठीत सगळं जग नपुंसकलिंगी होतं. बायको येतंय, पोरगा जातंय, पाऊस पडतंय. पोरं मागे नक्कल करायची. सरांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. उजव्या हाताची करंगळी कधीकाळी कबड्डीच्या पकडीत मोडलेली, ती वाकडीच बसली होती. बोटांवर मोजताना इतर बोटं मिटायची आणि करंगळी एकटीच बाहेर बघत राहायची.

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून नव्या पेठेतल्या माझ्या कापडाच्या दुकानात जुन्या संघातला कुणी आला, की आमचं बोलणं फिरून फिरून त्या एका वर्षावर येतं. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि त्यावर लोक घड्याळं लावत होते. आमचं कॉलेज सकाळचं. निम्मी पोरं दुपारी कुठे ना कुठे कामाला जायची. कबड्डीत कॉलेज आजवर पहिल्या फेरीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं.

सर नवीन आले आणि त्यांनी फळ्यावर सूचना लावली. पहाटे साडेपाचला तीस पोरं जमली. सरांनी खेळायला लावलंच नाही. त्यांनी घमेली आणि चाळण्या आणून ठेवल्या होत्या. कॉलेजच्या मागे कडुनिंबाखाली मोकळी जागा होती, नुसते दगडगोटे. ती खणायची, माती चाळायची, पाणी मारायचं, परत चाळायची. असे वीस दिवस. सर स्वतः आमच्यात उकिडवे बसून खडे वेचायचे आणि खिशात टाकायचे. त्यांच्या बायकोने एकदा आम्हाला सांगितलं, की घरी विजारी धुताना आधी खडे काढावे लागतात.

विसाव्या दिवशी सोळा पोरं उरली. त्यातली बारा सरांनी घेतली. सात खेळणारे, पाच राखीव. बारावा मी. मला बाजूला घेऊन त्यांनी सरळ सांगितलं, "तू लई चांगलं खेळत नाहीस. पण वीस दिवसांत एकदाबी उशिरा आला नाहीस. बस आमच्यासोबत." मला त्याचा अपमान वाटायला हवा होता. मी घरी जाऊन आईला सांगितलं की मी कॉलेजच्या संघात आहे.

संघात तीन जण खरे मोठे. व्यंकट आमचा कप्तान, पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातला. दुपारी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर उभा राहायचा. डाव्या कोपऱ्यात खेळायचा आणि चढाईला आलेल्या माणसाचा पाय वाचायचा. दुसरा रफिक. धिप्पाड, अंगात रेड्याचं बळ, आणि घाई इतकी की वाढलेलं ताट पुढे यायच्या आत हात पुढे. तिसरा बिरा, सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा. तो चढाईला गेला की त्याचा 'कबड्डी कबड्डी'चा दम संपतच नसे. समोरचे कंटाळायचे, बिरा कंटाळायचा नाही.

असा संघ घेऊन आम्ही पावसाळा सरता सरता बार्शीला एका स्पर्धेत गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. हरलो तेही आपसातच. सामना बरोबरीत होता. समोरचा चढाई करणारा मध्ये आलेला, व्यंकट त्याला आणखी आत येऊ देणार होता. तो रफिककडे बघून ओरडला, "आगु!" तेलुगूत आगु म्हणजे थांब. रफिकच्या घरच्या दखनी बोलीत आगू म्हणजे पुढे. रफिक पुढे झेपावला, साखळी तुटली, त्या माणसाने दोघांना शिवलं आणि हसत मध्यरेषेवर जाऊन उभा राहिला. शेवटी आम्ही त्या दोन गुणांनीच हरलो.

परतीच्या एसटीत व्यंकट आणि रफिक एकमेकांशी बोलत नव्हते. इतरांनी दोन गट केले होते. उद्यापासून मैदानावर फक्त मराठी, असा हुकूम सर देणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी सगळ्यांना मातीत गोल बसवलं आणि व्यंकटला म्हणाले, "तुझ्या भाषेतलं दहा शब्द सांग. सगळ्यांनी पाठ करायचं." मग रफिकला तेच. मग स्वतः कानडी दहा. मराठीचे दहा बिराने सांगायचे, तेही त्याच्या गावच्या पद्धतीने. रोज सरावाच्या आधी अर्धा तास हा वर्ग. कॉलेजातली पोरं भिंतीवर बसून हसायची.

एकदा मीच विचारलं, की सर, सगळ्यांना मराठी येते, मग हे कशाला. सर माती हातावर चोळत होते. म्हणाले, "माणूस घाबरलं की आईच्या भाषेत ओरडतंय. ते मी बदलू शकत नाही. दुसऱ्याच्या आईची भाषा शिकायला काय जातंय आपलं?"

महिन्याभरात मैदानावरचे शब्द ठरले. पकडायचं तर कानडी, "हिडी". सोडून द्यायचं तर "बिडु". मागे सरायचं तर दखनी, "पिच्छू". आणि थांबायचं तर तेलुगू, "आगु". तो शब्द बदलू या, असं रफिकच म्हणाला होता. सरांनी बदलला नाही.

दिवाळीच्या सुटीत सरांनी आठ दिवसांचं शिबिर ठेवलं. बाकी सगळे आले, बिरा आला नाही. त्याच्या वडिलांचा, तातोबांचा, पाय सुजला होता आणि मेंढरांमागे जायला दुसरं कुणी नव्हतं. बिराने कळवलं की आता यंदा जमायचं नाही. सर त्याच दिवशी सांगोल्याची एसटी धरून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बिरा एकटा सोलापुरात उतरला. मान खाली घालून व्यंकटला म्हणाला, "सर तितंच ऱ्हायले. मेंढरामागं."

आम्हाला आधी कळेना. मग बिराने सगळं सांगितलं. सर तातोबांच्या पालावर गेले, भाकरी खाल्ली आणि पोरगं आठ दिवस द्या म्हणाले. तातोबा म्हणाले, "नेता व्हय, न्या की. पर जनावरामागं कोन जाईल?" सर म्हणाले, मी जातो. तातोबा मोठ्याने हसले. म्हणाले, "मास्तर, मेंढरं तुमचं ऐकतील व्हय?" सर म्हणाले, "कॉलेजचं पोरं ऐकतंय. हे तर शहाणं जनावर."

शिबिर व्यंकटने घेतलं. त्या आठ दिवसांत एकही पोरगा पाच मिनिटं उशिरा आला नाही. कॉलेजचे सर उन्हात मेंढरं राखतायत आणि आपण अंथरुणात लोळतोय, हे कुणाच्या मनाला पटलंच नसतं. नवव्या दिवशी सर परत आले. मान करपलेली, पायाला काट्यांचे ओरखडे, कपड्यांना लोकरीचा वास. दमलात का, असं विचारल्यावर म्हणाले, "मेंढरांकडून शिकून आलो. पुढचं एक थांबलं की मागचं सगळं थांबतंय. विचारत बसत नाही. तुम्हाला अजून ते जमत नाही."

विभागाची स्पर्धा पंढरपूरला होती. तेव्हा कॉलेजच्या कबड्डीला वजनाची मर्यादा असायची. सकाळी आठला वजनाचा काटा लागणार होता आणि सहाला लॉजच्या शेजारच्या दुकानातल्या काट्यावर रफिक अर्धा किलो जास्त भरला. आदल्या रात्री त्याने नेमकं काय काय खाल्लं होतं ते विचारण्यात अर्थ नव्हता. सरांनी अंथरुणावरच्या दोन सोलापुरी चादरी ओढल्या. एक रफिकच्या अंगाभोवती गुंडाळली, दुसरी स्वतःच्या, आणि दोघं चंद्रभागेच्या वाळवंटात पळायला लागले. आम्ही काठावर उभे. बोचऱ्या थंडीत नदीवर आंघोळीला आलेली माणसं डोळे फाडून बघत होती. पुढे चादरीत गुंडाळलेला एक डोंगर, मागे चादरीत गुंडाळलेली एक काठी. तासाभराने रफिक वाळूत बसला आणि म्हणाला, "सर, अब नक्को. मेरेकु घरकु भेजो." सर त्याच्या शेजारी बसले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. दोघं उठले आणि पुन्हा पळाले.

काट्यावर रफिक बरोबर मर्यादेत बसला. मग सरही हौसेने काट्यावर चढले आणि आपलंही वजन उतरलं म्हणून खूश झाले. आधीच हडकुळा माणूस, उतरायला होतं काय त्यांच्यात. रफिकला काट्याआधी पाण्याचा घोट घेता येत नव्हता, म्हणून सरांनीही घेतला नव्हता, हे आम्हाला नंतर समजलं. त्या दिवशी आम्ही तीन सामने जिंकलो आणि रफिकच्या हातून एकही माणूस सुटला नाही.

अंतिम स्पर्धा कोल्हापूरला झाली. तिथपर्यंत पोचलो हेच कॉलेजला खरं वाटत नव्हतं. शेवटचा सामना तिथल्याच कॉलेजशी, जे आदल्या वर्षीचे विजेते होते. मैदान त्यांचं, माणसं त्यांची. आमच्या बाजूने टाळ्या वाजवायला कॉलेजचा एक कारकून आणि तातोबा. तातोबा खांद्यावर घोंगडी टाकून सांगोल्याहून एकटेच आले होते. मुलगा कॉलेजात नेमकं काय खेळतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या डावात आमची धूळधाण झाली. आमचे सगळे एकदा बाद झाले, लोण पडला, मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे. व्यंकट ओरडायचा, हिडी, आणि त्यांचा चढाई करणारा नेमका त्याच क्षणी मागे सरकायचा. सरावात कधी न चुकलेली पकड हवेत जायची. मी बाकावर बसलो होतो. खेळायचं काम नसल्यामुळे मला ऐकायला वेळ होता. त्यांचा मधला उंच खेळाडू आपल्या शेजाऱ्याशी कानडीत बोलत होता. गडहिंग्लजकडची पोरं ती. व्यंकटच्या तोंडून शब्द सुटला की हा चढाईवाल्याला मागून आवाज द्यायचा.

मध्यंतरात मी सरांना ते सांगितलं. सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते हसले. संघाला गोल बसवून म्हणाले, "माझं भाषा त्यांना कळतंय. आज माझं भाषा बाजूला ठेवा. आता सगळं व्यंकटचं." त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत. नऊ गुणांचा उल्लेख नाही, कॉलेजच्या नावाचा नाही. रफिकच्या गुडघ्याला माती लावली आणि त्याला उठवलं.

दुसऱ्या डावात मैदानावर नुसती तेलुगू होती. पट्टु म्हणजे पकड. वद्दु म्हणजे नको. बिरा सांगोल्याचा, पण व्यंकटच्या घरातच वाढल्यासारखा ओरडत होता. त्यांचा उंच खेळाडू गोंधळून इकडे तिकडे बघायला लागला. पहिल्या पाच मिनिटांत व्यंकटने दोघांचे घोटे धरले. मग बिराची चढाई सुरू झाली. एकदा तो आत गेला तो किती वेळ आत होता देव जाणे, तीन माणसांना शिवून परत आला. पाठोपाठ त्यांच्यावर लोण पडला. अंतर नऊचं चारवर आलं, चाराचं दोनवर. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि मैदानाभोवतालची हजारभर माणसं गप्प झाली होती.

शेवटची चढाई त्यांची. त्यांचा सगळ्यात तयारीचा खेळाडू आत आला. एकाला शिवलं असतं तरी बरोबरी, दोघांना शिवलं असतं तर सामना त्यांचा. तो वळला, आणि वळताना त्याचा डावा पाय रफिकपासून हातभर अंतरावर आला. रफिकच्या हाताची पकड मला माहीत होती. ती बसली असती. पण चढाईवाल्याच्या पलीकडे मध्यरेषा फार जवळ होती, आणि पडता पडता त्याचा हात रेषेला लागला असता तर सगळं गेलं असतं. रफिक खांदे पुढे घेऊन वाकला होता. वर्षभर त्याला ओळखत होतो आम्ही, तो जाणारच होता.

व्यंकट म्हणाला, "आगु." ओरडला नाही, नुसतं म्हणाला.

रफिक थांबला. त्याच्याबरोबर सगळेच थांबले, आणि मग एकेक पाऊल मागे सरले. चढाईवाला हात फिरवत राहिला, त्याच्या हाताला वाराच लागला. पंचांची लांब शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो.

बाकावरून उठून मी धावलो तेव्हा रफिक मातीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता आणि व्यंकट त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होता. सर तिथे नव्हते. ते आधी समोरच्या संघाच्या सरांना भेटले, त्या उंच खेळाडूशी कानडीत दोन शब्द बोलले, आणि मग गर्दीतून वाट काढत तातोबांकडे गेले.

तातोबांनी विचारलं, "जितलं काय?"

"जितलं की," सर म्हणाले.

"पर शेवटाला तर कुनी काय केलंच न्हाय."

"तेच तर केलं," सर म्हणाले.

तातोबांना ते कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि सरांच्या खांद्यावर टाकली. बक्षीस समारंभात सरांना हार घालायला बोलावलं, तेव्हा ते तीच घोंगडी घेऊन व्यासपीठावर गेले. हार त्यांनी व्यंकटच्या गळ्यात घातला. घोंगडी मात्र सोलापूर येईपर्यंत अंगावरून काढली नाही, एसटीत भर दुपारीसुद्धा.

सोलापूरच्या स्टँडवर व्यंकटची आई शेजारणींना घेऊन आली होती. त्या सगळ्या विड्या वळायचं काम टाकून आल्या होत्या. रफिकचे वडील गुलाबाची फुलं घेऊन उभे होते. माझी आई ओवाळायला ताट घेऊन आली होती, एकदाही मैदानात न उतरलेल्या तिच्या मुलाला ओवाळायला. सर प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलले. त्यांची तेलुगू ऐकून व्यंकटची आई पदर तोंडाला लावून हसली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्या दिवशी स्टँडवरची अनोळखी माणसंही थांबून विचारत होती, की कोणती पोरं ही. आणि कारकून मोठ्याने सांगत होता, "आमची. आमच्या कॉलेजची."

सरांनी त्यानंतर पुष्कळ वर्षं संघ घडवले. तो चषक पुन्हा आला नाही. नव्या पोरांना ते आमच्या संघाची गोष्ट सांगायचे नाहीत. तुलना झाली की पोरं वाकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बिरा पोलिसात गेला आणि निवृत्त झाला. रफिकचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. व्यंकटचा स्वतःचा टॉवेलचा कारखाना आहे. कामगारांशी तो चारी भाषांत बोलतो, आणि हे कुठे शिकलात असं कुणी विचारलं तर म्हणतो, मातीत बसून.

सर निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते. वारले त्याच्या काही महिने आधी ते एकदा दुकानात आले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले होते, एकटेच. ऐंशी उलटलेली. मी गादीवर बसवलं, चहा मागवला. त्यांनी नातीसाठी शाळेच्या गणवेशाचं कापड घेतलं, बोटांत चुरगळून बघून. मी पैसे घेईना तेव्हा रागावले, म्हणून घेतले. चहा पिता पिता एकदम म्हणाले, "त्या वर्षी तुला एकदा तरी आत सोडायला पाहिजे होतं. पंढरपूरला पहिल्या सामन्यात आपण लई पुढे होतो. सोडता आलं असतं. राहून गेलं."

इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं. मी कसंबसं म्हणालो, की सर, मी त्या संघात होतो, मला तेवढं पुरलं. माझ्या मुलांना मी हेच सांगत आलोय. सरांनी वाकड्या करंगळीचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

निघताना मी त्यांना रस्ता ओलांडून रिक्षापर्यंत सोडायला निघालो. बाजाराचा दिवस, नव्या पेठेत पाय ठेवायला जागा नाही, त्यात रिक्षा आणि हातगाड्या. मी त्यांचा दंड धरला, तर त्यांनी हळूच सोडवून घेतला. म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय तुझ्याकडं. जा." खरंच दोन बायका पायरीवर उभ्या होत्या. तरी मी हललो नाही. सर कापडाची पिशवी काखेत धरून पायरीखाली उभे राहिले. दोन रिक्षा जाऊ दिल्या, एक हातगाडी जाऊ दिली. मग मधे थोडी जागा झाली, तशी अगदी सावकाश, पावलं मोजल्यासारखी टाकत ते पलीकडे गेले. पलीकडे पोचल्यावर वळले. त्यांना एवढ्या लांबून मी दिसत नसणार. तरी दुकानाच्या दिशेने त्यांनी हात वर केला, आणि गर्दीत मिसळून गेले.